आडाळ्यावर बसलो तेव्हा

बायकोचं मांजर मी हरवलं. हरवलं म्हणजे, मागचं दार उघडं टाकून मासेवालीशी बांगड्यांवरून हुज्जत घालत बसलो, आणि तीन वर्षांत उंबरठा न ओलांडलेलं ते येडं माझ्या पायांमधून निसटलं. बायको ऑपरेशनसाठी गोव्याच्या इस्पितळात, मुलगी तिच्याजवळ. रोज संध्याकाळी सातला बायकोचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न मांजराचा. माझा नंबर दुसरा. त्याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

पहिल्या संध्याकाळी मांजर झोपलंय म्हणून थाप मारली. दुसऱ्या दिवशी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. विहिरीत चारदा डोकावलो. शेजारच्या काकी म्हणाल्या, "माशाचो वास इलो की माजर धावत येतला." मालवणात दुसरं कोण काय सांगणार! आम्ही दोघांनी परसभर बांगड्याची डोकी मांडली. अर्ध्या तासात वाडीतले सगळे बोके हजर, आणि त्यांची अशी जुंपली की आमचं भित्रं मांजर जवळपास असलं तरी बाहेर येणं शक्य नव्हतं.

मी स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यायचं तेवढं बाकी होतं. कारण ते मांजर माशाला तोंडच लावत नसे. त्याचं वेड खोबऱ्याचं. सकाळी बायको आडाळ्यावर नारळ खवायला बसली की ते तिच्या गुडघ्याला टेकायचं आणि सांडलेला खोबऱ्याचा चव चाटायचं. हे मी रोज बघत होतो, आणि दोन दिवस आठवलं नाही.

सहा वाजून गेले होते. बोके हाकलले, डोकी उचलली आणि मागच्या दारात आडाळा मांडला. जन्मात कधी नारळ खवला नव्हता. दुसऱ्याच वाटीला बोट कापलं, पण थांबलो नाही. बऱ्याच वेळाने नारळाच्या सोडणांच्या ढिगामागून एक कान दिसला, मग तोंड. मांजर हातभर पुढे आलं आणि थबकलं.

तेवढ्यात आत फोन वाजला. ते अंग चोरून बसलं. मी उठलो असतो तर ते गेलंच असतं. फोन वाजून थांबला, परत वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी मान खाली घालून खवत राहिलो. शेवटी गुडघ्याला काहीतरी ऊबदार टेकलं. मी त्याला एका हाताने धरलं आणि पायाने दार लोटलं.

काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत उलट फोन लावला. पलीकडे बायको रडत होती.

"फोन कित्याक उचलूक नाय? माका वाटला, तुमका काय तरी झाला."

मी मांजराचं सगळं कबूल करायला लागलो. तिने मध्येच तोडलं.

"माजर ऱ्हवांदे. तुमी बरे आसास मां?"

तीन वर्षं मी त्या मांजरावर उगाच जळत होतो. "बरो आसंय," एवढंच कसंबसं म्हटलं, आणि त्याच्या पाठीला लागलेलं माझ्या बोटाचं रक्त पुसत बसलो.