भाड्याच्या संगणकांची चोरी

पोलीस खात्यात खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नोकरीच्या शेवटच्या काळातली ती घटना आजही जशीच्या तशी आठवते, आणि तीत कोणी कोणाला साधे बोटही लावले नव्हते.

मी तेव्हा जालन्यात सायबर पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. एका सकाळी पिंपळगाव रेणुकाईकडचे एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी कॉलेजात पीएच.डी. करत होती. मोसंबीच्या पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारा प्रोग्रॅम ती तयार करत होती. अशा प्रोग्रॅमला हजारो फोटो दाखवून शिकवायला फार मोठे संगणक लागतात. ते दूर कुठेतरी असतात आणि इंटरनेटवरून भाड्याने वापरायचे असतात. त्याला क्लाउड म्हणतात, हे मला तिनेच समजावले. भाडे विद्यापीठाने मंजूर केले होते. आणि वर्षभराचा तो वापर तिचे काम अर्ध्यावर असतानाच संपला होता.

"विद्यापीठाची नोटीस आलीय," ती म्हणाली. "मी खातं बाहेर कुणाला तरी विकलं, असा संशय आहे. रजिस्ट्रेशन रद्द होईल."

वडिलांनी हात जोडले. ते म्हणाले, "साहेब, पोरगी इमानदार हाय. गावात लोक इचारून राह्यले, काय सांगू?"

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल केला. असा तपास निरीक्षकानेच करायचा असतो, त्यामुळे तो माझ्याकडे राहिला. पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे का, असे मी तिला विचारले. "कोणालाच नाही," ती ठामपणे म्हणाली. क्लाउड कंपनीकडून माहिती मागवली, तेव्हा खाते कॉलेजच्याच वाय-फायवरून वापरले गेल्याचे कळले. पण त्या वाय-फायवर सगळे कॉलेज होते. तपास तिथे अडला.

खबर मिळाली ती आमच्याच हवालदाराकडून. तो बदनापूरहून रेल्वेने ये-जा करायचा. तिथल्या शेतकरी मेळाव्यात एक तरुण मोबाइलवर नवा प्रोग्रॅम दाखवत होता. "साहेब, आपण गावाकडं बोलतो तसं बोललं, तरी मशीन बराबर लिहितं. पोरगं त्याच कॉलेजचं हाय."

असा प्रोग्रॅम शिकवायलाही मोठे संगणक लागत असणार, हे माझ्या लक्षात आले. मी मुलीला परत बोलावले आणि प्रश्न बदलला. "खातं सुरू करताना मदत कोणी केली?" तिने लगेच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्याच तरुणाचे नाव घेतले आणि मग तिचा चेहरा उतरला. माणूस जवळच्याला 'कोणी'मध्ये धरत नाही, हे मी अनेक फिर्यादींच्या बाबतीत पाहिले आहे.

तरुण चौकशीला आला. भोकरदन तालुक्यातला, मेंढपाळ घरातला, घरात पहिलाच शिकलेला. सगळे काम लॅपटॉपवर केले, असे तो पाठ केल्यासारखे सांगत होता. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि प्रोग्रॅम दाखवायला सांगितले.

मोबाइल हातात घेऊन मी म्हणालो, "काल बदनापूरला गेल्तो, पण साहेब भेटले न्हाई. मंग जल्दी वापस आलो." पडद्यावर शब्दन् शब्द उमटला. मला खरोखर आनंद झाला आणि तो त्याला दिसला. तो खुलला. आधी किती चुका व्हायच्या, मग कशा कमी झाल्या, सांगत सुटला.

"हे सगळं किती वेळात शिकवलंत?"

"आठवड्याभरात, सर!"

"लॅपटॉपवर?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. लॅपटॉपवर त्याला कित्येक महिने लागले असते, हे मुलीने मला आधीच सांगितले होते. तो खाली बघत बोलू लागला. त्यानेही क्लाउडच्या भाड्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. "माय सरकारी हेल्पलाइनला फोन लावते, सर. मशीन म्हणतं, समजलं नाही, पुन्हा बोला. ती पुन्हा बोलते. मंग ठेवून देते." तो डोळे पुसत म्हणाला, "थोडंसंच वापरीन म्हणलं होतं."

मुलीला समोर बसवले. ती चिडली नाही. "नोटीस आली तेव्हा मी तुझ्यासमोर रडले. तू मला पाणी आणून दिलंस. तेव्हा का नाही बोललास?"

लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जप्त केला. विद्यापीठाने मुलीवरची नोटीस मागे घेतली, तिला वापर पुन्हा मिळाला आणि तिचे काम पूर्ण झाले. पुढे न्यायालयात विद्यापीठाने तडजोडीला संमती दिली, म्हणून तरुण शिक्षेतून वाचला. त्याचे रजिस्ट्रेशन मात्र गेले.

त्याची कणव मला आजही वाटते. तरी गुन्हा तो गुन्हाच. त्याला वाटले, विद्यापीठाचे घेतोय. किंमत मात्र शेजारच्या टेबलावरची मुलगी मोजत होती.

चौकशीच्या दिवशी ती ठाण्यातून निघताना मी तिला सहज विचारले होते, "त्यानं मागितलं असतं तर?"

तो दाराशीच उभा होता. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "गाईड सरांची परवानगी काढून अर्धा वेळ दिला असता. माझी आजीही त्याच हेल्पलाइनला फोन लावते."

चौकशीत मी त्याला एकही कडक शब्द बोललो नव्हतो. ते वाक्य ऐकून तो भिंतीला टेकून खालीच बसला.