बिरूमामांचा बोगदा

बेदाणा चाळला की चाळणीखाली चुरा पडतो. कुणी मुद्दाम पाडत नाही, पण सीझन संपता संपता पोतं भरतं. आमच्या गुरुवारच्या बैठकीचंही तसंच झालं. सांगलीत एका मॅडमच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण दर गुरुवारी दुपारी जमायचो. मॅडम गोळ्या देत नाहीत. बोलतात आणि बोलायला लावतात. आम्ही गेलो होतो भीतीवर इलाज करायला, किस्से वर मिळाले. सगळ्यांना विचारूनच लिहितोय. एकानं तर "माझा आधी घाला" म्हणून बजावलंय!

*

सुरुवात माझ्यापासून. मी बेदाण्याचा व्यापारी. एकदा ऐन सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, छातीत धडधड, हातापायाला घाम, डोळ्यापुढं अंधारी. वाटलं, आटोपला कारभार! तीन दवाखाने फिरलो, तीन ईसीजी काढले.

तिसरे डॉक्टर म्हणाले, "अहो शेठ, रिपोर्ट एकदम छान आहे. मग तोंड का पाडलंय?"

मी म्हणालो, "तिन्हीकडं छानच येतोय. खरा कुठं काढतात तेवढं सांगा!"

त्यांनी मॅडमच्या नावाची चिठ्ठी दिली.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला. आत बदामाएवढा एक भाग असतो म्हणाल्या. संकट दिसलं की तो आरडाओरडा करतो, मग छाती धडधडते, घाम फुटतो.

जन्म बेदाण्यात गेला आणि डोक्यात निघाला बदाम!

"घरच्या कुत्र्यासारखं समजा," मॅडम म्हणाल्या. "चोर आला तरी भुंकतं, पाहुणा आला तरी भुंकतं."

माझ्या शेजारी बिरूमामा बसले होते. कवठे महांकाळकडचे. वडलांची मेंढरं होती, मामांनी द्राक्षबाग केली. ते लगेच म्हणाले, "मग कुत्रं बदला की!"

"कुत्रं बदलत नाही मामा. पाहुण्याची ओळख करून द्यायची."

मामांनी मान डोलावली. "व्हय. आदी वास घिऊ द्यायचा. वढून न्हेलं तर चावतंय."

मॅडमनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला हे शिकायला पाच वर्षं लागली!"

*

मॅडमनी सगळ्यांना एक कागद दिला होता. रोज मनात काय आलं त्याचं नाव लिहायचं. राग, भीती, वाईट वाटणं, जे असेल ते. कुपवाडच्या एका फाउंड्रीतले फोरमन पाटील आमच्यात होते. त्यांनी सात दिवस एकच शब्द लिहून आणला, "बरं."

खाली बायकोच्या अक्षरात एक ओळ होती. "मंगळवारी ताट भिंतीवर मारलं. त्याला काय म्हणतात ते मॅडमनी सांगावं."

*

मग मॅडमनी श्वास शिकवला. चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. मी हुशारी केली, थेट सौद्यातच करायला घेतला. डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार! आकड्याबरोबर मान हलत होती, ते माझ्या ध्यानात नाही. आमच्याकडं मान हलवली की भाव कबूल!

डोळे उघडले तेव्हा लॉट माझ्या नावावर पुकारून झाला होता.

गुरुवारी मॅडमनी विचारलं, "काय शेठ, उपयोग झाला का?"

"झाला की. भीती गेली, बेदाणा आला!"

*

बिरूमामांचं दुखणं होतं बोगद्याचं. लेक सविता शिरवळला दिलेली. तीन वर्षांमागं तिच्याकडं जाताना खंबाटकीच्या बोगद्यात एसटी अडकली. धूर, हॉर्न, अंधार. मामांचा जीव घुसमटला. गाडीतून उतरून भिंतीला हात लावत चालत बाहेर आले, ते तसेच माघारी. पुन्हा शिरवळ नाही. लेकीनं बोलावलं की ठरलेलं उत्तर, "बागंत छाटनी हाय."

आता सविताला मुलगी झाली होती. फोनवर म्हणाली, "आबा, बारशाला आला न्हाई तर परत बोलावनार न्हाई."

तो फोन मामांनी आम्हाला जसाच्या तसा सांगितला आणि पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

मॅडमनी पायऱ्या आखून दिल्या. आधी दार लावून खोलीत बसायचं. मग रेल्वेच्या पुलाखाली दहा मिनिटं उभं राहायचं. भीती किती ते दहापैकी आकड्यात सांगायचं, आणि ती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही.

पुढच्या गुरुवारी मामा तक्रार घेऊन आले. "आवं म्याडम, भीतीचं जाऊ द्या. हुतो पुलाखाली उभा, येनारं-जानारं इचारतंय, मामा, एसटी हितनं जात न्हाई, कुनाची वाट बघताय?"

"मग काय सांगितलं?"

"म्हनलं, भीती उतरायची!"

*

बारशाला मीच गाडी काढली. सातारा मागं पडला. बोगद्याचं तोंड दिसलं आणि मामांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मामा, किती?"

"नऊ."

आत शिरलो. डोळे मिटायचे नाहीत, असं मॅडमनी बजावलं होतं. मामांनी ते टक्क उघडे ठेवले.

"किती?"

"धा! इचारू नगं, गाडी हाक!"

थोड्या वेळानं आपणच म्हणाले, "सात." मग, "पाच." मग उजेड आला. मामांनी मनगट सोडलं आणि खिडकीबाहेर मागं वळून बघितलं. "एवढंच हाय व्हय हे?"

बारसं झालं. नातीला मांडीवर घेऊन मामा तासभर हलले नाहीत. संध्याकाळी आम्ही निघालो. शिरवळहून येताना रस्ता घाटानं आहे, बोगदा फक्त जाताना लागतो. घाट उतरून सुरूरच्या फाट्याला आलो आणि मामा म्हणाले, "शेठ, गाडी वळवा."

"का? काय राहिलं?"

"वळवा म्हन्तोय न्हवं."

अर्ध्या तासात पुन्हा सविताच्या दारात. ती पोर कडेवर घेऊन धावत बाहेर आली.

"आबा! काय इसरलं?"

"काय न्हाई," मामा म्हणाले. "बोगद्यातनं आलो."