पोपच्या किल्ल्या आणि जाफराबादकडचा एक ‘होय’

जाफराबादकडच्या या गावाला कुणी फिरायला जात नाही, हे आधीच सांगून टाकते. तिथे धबधबा नाही, गड नाही, फोटो काढावा असं हॉटेलही नाही. मी गेले ती एका कागदासाठी.

चौदा वर्षांपूर्वी त्या गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये माझं लग्न झालं. नवऱ्याबद्दल इथे लिहिणार नाही, कोर्टाने लिहिलंय तेवढं पुरे. कोर्टाने मोकळं केलं, पण आम्ही कॅथलिक. आमच्यात चर्चचं स्वतःचं न्यायालय असतं आणि ते लग्न रद्द ठरवत नाही तोवर मी लग्न झालेलीच. आता मला पुन्हा लग्न करायचंय आणि चर्चमध्येच करायचंय. मैत्रिणी म्हणाल्या, रजिस्टर कर आणि सुट. नाही. ज्या दारातून मला आत ढकललं, त्याच दारातून मला बाहेर यायचंय. हट्टी आहे मी.

चर्चच्या न्यायालयाने विचारलं, लग्नाला तुमची संमती नव्हती याला साक्षीदार कोण? आई-बाबा आता नाहीत. उरले एकटे मास्तर. शाळेचे नव्हेत, धर्माचे. माझ्या त्या माहेरगावात फादर महिन्यातून एकदा येतात. प्रार्थना, शिकवणी, मयत, लग्नाची कागदपत्रं, सगळं मास्तरच बघतात.

संभाजीनगरहून सकाळी सहाची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. सरकारने निदान अर्धं तरी माफ केलं, असं मनात आलं आणि स्वतःचंच हसू आलं. जालन्यात उतरून मस्तगडला एका गाड्यावर पोहे खाल्ले, मास्तरांसाठी मोसंबी घेतली. जालन्याला येऊन मोसंबी न घेता पुढे जाऊ नये, एवढा एक सल्ला फुकट देते. पुढे राजूर आणि टेंभुर्णीवरून जाणारी जीप. रस्ता राजूरपर्यंत बरा, नंतर पाठीची परीक्षा. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बायका वाकलेल्या.

“ताई, सरका जरा, आणखी दोन शिटा बसतेत,” ड्रायव्हर म्हणाला. बसल्या तीन. शेजारच्या बाईने विचारलं, “कुनाकडं निघाल्या?”

“चर्चच्या मास्तरांकडं.”

“ते पोपवाले? त्यांच्या भिंतीवर लई मोठा फोटू हाये.”

आहेच. लहानपणी मला वाटायचं, पोप मास्तरांचे पाहुणे असावेत. धर्मशिकवणीत मास्तर सांगायचे, प्रभू येशूने आपला शिष्य पेत्र याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या दिल्या. तो इथे जे बांधेल ते वरही बांधलेलं, इथे सोडेल ते वरही सुटलेलं. पेत्र पहिला पोप, आणि तिथून आजपर्यंत साखळी तुटलेली नाही. पुढे मी वाचलं ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं. एकेकाळी तीन पोप एकाच वेळी होते आणि तिघेही एकमेकांना खोटं ठरवत होते. एकदा कार्डिनल लोक वर्षानुवर्षं पोप निवडेनात, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना कोंडलं आणि वरचं छप्पर काढलं. इंग्लंडच्या एका राजाला पोपने लग्नातून सोडवलं नाही, तर त्याने स्वतःचंच चर्च काढलं. मी राजा नाही. मी सरकारी दवाखान्यातली नर्स आहे, म्हणून जीपमध्ये चौथी सीट होऊन निघाले होते.

मास्तर दारातच बसले होते. थकलेत, पण सदरा कडक इस्त्रीचा.

“जय ख्रिस्त, मास्तर.”

“अगं, तू? ये, ये. अहो, पाणी आना, पोरगी आली!” त्यांनी आत हाक दिली. मास्तरांची बायको, आमच्या मावशी, पाणी घेऊन आल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेल्या.

भिंतीवर पोपचा फोटो होताच. शेजारी नवी चौकट, मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या सेवेबद्दल रोमहून आलेला आशीर्वाद. त्यांनी तो उतरवून माझ्या हातात दिला. “पोपसाहेबांना माझं नाव ठाव हाये, बघ.” असे आशीर्वाद फी भरून ऑफिसातून मिळतात, हे मला माहीत होतं. बोलले नाही. तेवढी दुष्ट मी अजून झालेली नाही.

जेवायला भाकरी आणि भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी. माझ्या लग्नातही हीच आमटी होती. त्या दिवशी घास उतरला नव्हता, आज दोन वाट्या प्यायले. जेवण झाल्यावर विषय काढला.

“मास्तर, लग्नाआधीच्या चौकशीच्या फॉर्मवर ‘स्वखुशीने लग्न करता का’ असं विचारलेलं असतं. माझं उत्तर कुणी लिहिलं?”

“मीच की,” ते मोकळेपणाने हसले. “पोरी लाजतेत, बोलत न्हाईत. मंग मी लिहून टाकतो. तुझं एकटीचं न्हाई, साऱ्या गावच्या पोरींचं मीच लिहिलं.”

“आणि चर्चमध्ये? फादरांनी विचारलं तेव्हा?”

“तू मान खाली घालून उभी. फादर बाहेरचे, थांबून राह्यले. मंग मी मागून म्हनलो, म्हनली फादर, होय म्हनली.”

“मी म्हटलं नव्हतं.”

“अगं, आपल्यात पोरी कुठं मोठ्यानं म्हनतेत?”

चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या मावशी म्हणाल्या, “आदल्या दिशी ही माझ्यापशी येऊन रडली व्हती. मला लग्न करायचं न्हाई म्हनली. मी तुम्हाला सांगितलं व्हतं.”

मी न्यायालयाचा कागद आणि माझं पेन पुढे सरकवलं. आत्ता सांगितलंत तेवढंच लिहा, म्हटलं. मी मोसंबी सोलायला घेतली.

मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. सावकाश लिहिलं, सही केली, कागद माझ्याकडे दिला. लिहिलं होतं: वधूने स्वखुशीने होकार दिला.

“मास्तर, तुम्ही आत्ता काय सांगितलं?”

“बोलनं येगळं, लिहिनं येगळं. हा कागद वर रोमला जातो. चाळीस वर्षं खोटं लिहिलं म्हनून पोपसाहेबांना कसं कळवू? आनि तुझं लग्न सुटलं तर बाकीच्या पोरींच्या लग्नाचं काय?”

कागद रोमला जात नाही, इथल्याच धर्मप्रांताच्या कचेरीत जातो, उलट पोपनेच हे सगळं सोपं केलंय, असं दहा वेळा सांगितलं. ते भिंतीकडे बघत राहिले. मला ओरडावंसं वाटलं. ज्या माणसाने मला बाराखडीच्या वयात प्रार्थना शिकवली, त्याच्यावर ओरडता येईना, याचाच जास्त राग आला.

मावशी जीपपर्यंत सोडायला आल्या. मी त्यांचा हात धरला. “मावशी, तुम्ही लिहाल का? तुम्हाला माहीत आहे.”

“मला कुठं लिहिता येतं, बाई? माझंबी हेच लिहितेत.” मग म्हणाल्या, “माझ्या लग्नात यांचे वडील मास्तर व्हते. त्यांनीच म्हनलं, होय म्हनली.”

पेत्रापासून साखळी तुटलेली नाही, हे मला त्या जीपच्या दाराशी नीट कळलं. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जालना, तिथून घरी. कुणाला जायचं असेल तर सकाळीच निघा, परतीची जीप पाचनंतर मिळत नाही. माणसं प्रेमळ आहेत, जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

दोन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. फाडावासा वाटला, पण फाडला नाही. माझी बाजू बुडवणारा कागद मीच प्रवास करून, मोसंबी नेऊन आणला होता. तो तसाच जोडला. मावशींचं नाव साक्षीदार म्हणून दिलं आणि खाली लिहिलं की यांना समोर बसवून, एकटीलाच विचारा. त्या तिथे बोलतील की नाही, मला माहीत नाही.

मग माझा स्वतःचा जबाब भरायला घेतला. सातवा प्रश्न तोच होता: लग्नाला तुमची संमती होती का? निकाल काय लागायचा तो लागेल. मी त्याच पेनाने ‘नाही’ लिहिलं. चौदा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच मी दिलं.