पाठीवरचे डोळे

मंठा रोडवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा एक पेंटर आहे. येता-जाता मी त्याच्याकडं चहाला थांबतो. तो रस्त्याकडं पाठ करून कधी बसत नाही. आधी स्टूल फिरवून घेतो, मगच बोलतो. अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून त्याचा धाकटा भाऊ गेला, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. ट्रॉलीच्या मालकानं सांगितलेला मोर, फुलं काढून झाली, की मागच्या फळीवर तो न विचारता दोन टपोरे डोळे काढतो. मग लांब चालत जातो आणि गाडीवाल्यासारखा ट्रॉलीच्या रोखानं परत येतो.

कपड्यांच्या एका कंपनीनं टी-शर्टवरच्या चित्रांची स्पर्धा लावली, तेव्हा मीच त्याला भरीला पाडलं. त्यानं पांढऱ्या टी-शर्टवर तेच डोळे रंगवले, तेही पाठीवर.

"अहो, चित्र छातीवर पाहिजे असा नियम आहे. बाद करतील," मी म्हणालो.

"पुढून येणाऱ्याला माणूस दिसतोच, सर. मागून येणाऱ्याला दिसाया पायजे. बराबर हाय का न्हाई?"

मी तसाच फोटो पाठवला. चित्र बाद झालं. कळवलं तेव्हा त्यानं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

परवा दिवेलागणीला माझ्या गाडीच्या उजेडात ते दोन डोळे अचानक समोर आले. मी ब्रेक दाबला. पेंटर सायकलवर घरी चालला होता. मागं कॅरिअरवर भावाची मुलगी बसली होती. तोच टी-शर्ट, ढगळ, तिच्या अंगात होता.