तुळशीला पाणी कोण घालते?

अंगण रोज झाडले तरी चार पाने उरतातच. आमच्या रविवारच्या बैठकीचे किस्से असेच साठत गेले. सांगून संपवावेत म्हटले, तर कोणीतरी नवे पान घेऊन येते!

पेणला आमच्या आळीतल्या देवळाच्या सभामंडपात, सकाळच्या आरतीनंतर, आम्ही दोघे-तिघे निवृत्त माणसे बसतो. कोणाचे जास्वंद फुलत नाही, कोणाच्या लिंबाची पाने आकसतात. आम्ही जमेल तसा सल्ला देतो. ही आमची सेवा. खरे जाणकार एकच, शेतीखात्यातून निवृत्त झालेले भाऊसाहेब. माझा अधिकार पोथीपुरता. भाऊसाहेबांचा मंत्र ठरलेला: "आधी माती बघा. बाकीचं नंतर."

*

पेणच्याच एका मूर्तिकाराच्या जास्वंदाला पाणी घातले, की ते कुंडीत तसेच उभे राही. भाऊसाहेबांनी कुंडी उपडी केली. आत सगळी शाडू! मोडलेल्या गणपतीची माती पायदळी कशी तुडवायची, म्हणून त्याने ती वर्षानुवर्षे कुंडीतच भरली होती. मुळांच्या जाळ्यातून आशीर्वादाचा एक इवलासा हात निघाला. शाडू पाण्यात विरघळते. हा हात मात्र बोटांसकट शाबूत होता, आणि एकही मूळ त्याच्या तळव्यावरून गेलेले नव्हते.

"माती बदला," भाऊसाहेब म्हणाले. मग त्या हाताकडे बोट करून, "हा मात्र परत ठेवा."

*

गडबच्या एका सूनबाईंचा दुधी मांडव सोडून भलतीकडेच जाई. वेल उजेडाकडे धावते, असे समजावीत भाऊसाहेब पाहायला गेले. वेल मागच्या बंद, अंधाऱ्या खोलीत खिडकीच्या फटीतून शिरली होती आणि पलंगाच्या पायाला वेटोळे घालून वर चढली होती. पलंग वारलेल्या सासूबाईंचा.

"शेवटी दुधीची भाजी मागत होती. खोकला होता म्हणून मीच नाय दिली," बाई म्हणाल्या. "आता ही तोडू कशानं?"

"विळ्यानं," भाऊसाहेब म्हणाले.

पण विळा ना बाईंनी आणला, ना भाऊसाहेबांनी मागितला.

*

पार्वतीबाई रोह्याच्या, घरात एकट्या. अंगणातली तुळस त्यांच्या यजमानांनी, नानांनी, लावलेली. पहाटे स्नान झाले की तिला तांब्याभर पाणी घालायचे, हा नानांचा नेम शेवटपर्यंत चुकला नाही. ते गेल्यावर तुळस पिवळी पडू लागली. मुलगा पनवेलला बोलावत होता. "तुळस हाय तोवर मी इथं हाय," असे बाईंनी त्याला सांगून ठेवले होते. तुळस गेली, की घर सुटणार होते.

भाऊसाहेबांनी रोह्याला जाऊन मुळाशी बोट खुपसले. "पाणी फार होतंय. बंद करा."

"मी पानी घालतच नाय, भाऊ."

असे सगळेच म्हणतात. भाऊसाहेबांनी बाईंना काही दिवस मुलाकडे पाठवले, अंगणाच्या दाराला स्वतःचे कुलूप घातले आणि किल्ली जानव्याला अडकवली.

आठवड्याने आम्ही दोघे पहिल्या एसटीने रोह्याला गेलो. कुलूप जसेच्या तसे. दिवस फाल्गुनाचे, अंगण कोरडे ठणठणीत. वृंदावनातली माती मात्र ओली होती, आणि धुण्याच्या दगडावर तांब्या उपडा घातलेला. काठाला अजून थेंब होते.

देव भक्ताघरी पाणी भरतो, हे मी आयुष्यभर कीर्तनात ऐकत आलो. त्या सकाळी माझ्या ओठांवर नाम येईना.

भाऊसाहेब वृंदावनासमोर उभे राहिले आणि बैठकीत कोणालाही समजावतात त्याच सुरात म्हणाले, "नाना, मुळं कुजताहेत. आता थांबा."

तुळस सावरली. चैत्रात तिला नवी पालवी फुटली. एका रविवारी पार्वतीबाई तिचे एक पान घेऊन पेणला आल्या. आनंदाने आल्या असतील, असे आम्हांला वाटले.

"तुळस वाचली, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन आता सकाळी माती सुकी असते." थोडा वेळ त्या पदराचे टोक चाळवीत राहिल्या. "त्यांना सांगा ना, एक दिवसाआड घाला म्हनावं. तेवढं चालंल ना झाडाला?"

भाऊसाहेबांनी ते पान उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ निरखले.

"चालेल," ते म्हणाले.