कुत्र्यांची बिस्किटं आणि सासूबाईंचा ओटा

कुत्र्यांसाठी घरगुती बिस्किटं करायला लागल्यापासून एक गोष्ट कळली. ऑर्डर येईल की नाही ते सांगता येत नाही, पण किस्सा हमखास येतो! बिस्किटं डब्यात पंधरा दिवस टिकतात. किस्से आम्ही अजून चहाबरोबर खातोय. मी आणि शेजारची वैशाली, एवढाच आमचा कारखाना. नाचणी, रताळं, लाल भोपळा आणि घरी वाटलेले शेंगदाणे, एवढाच माल. वैशालीचा घरमालक ओव्हन लावू देत नाही, म्हणून सगळा कारभार आमच्या ओट्यावर. आमच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या.

*

परवानगी मागायला गेले तेव्हा आषाढी झाली होती. सासूबाईंचा चातुर्मास कडक. कांदा, लसूण, वांगं चंपाषष्ठीपर्यंत घरात बंद. त्यांचं माहेर देवळ्याचं, कांदा पिकवणारं. त्यामुळे हा त्याग केवढा मोठा, ते आम्हाला रोज ऐकायला मिळतं.

"काय काय घालता त्यात?"

"आई, साखर नाही, मीठ नाही, अंडं नाही. आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. कुत्र्यांना ते विषच असतं."

"कांदा? विष?" माहेरावर आलं की त्यांच्या तोंडी अहिराणी येते. "हाई काय शे नवीन! आमच्याकडची कुत्री कांदा-भाकर खाऊन म्हातारी झाली!"

मग थोडा विचार करून म्हणाल्या, "बरं. कांदा-लसूण नाही म्हणजे माझ्या चातुर्मासात बसतंय. चंपाषष्ठीपर्यंत ओटा दिला. त्या दिवशी माझा कांदा घरात येईल आणि तुमचं दुकान बाहेर जाईल."

मी हसून हो म्हटलं खरं. वीस वर्षं मी घरच्यांचे डबे भरले. माझं नाव छापलेली पहिली वस्तू म्हणजे हे बिस्किटांचं पाकीट. ओटा गेला की तेही जाणार होतं.

*

चव बघायला वैशालीचा लॅब्रॅडोर होता, ब्रूनो. पहिला घाणा त्याने दोन मिनिटांत संपवला. आम्ही खूश! दुसरा घाणा जळून कोळसा झाला, तोही संपवला. मग त्याने रेसिपीचा कागद खाल्ला, आणि वैशालीच्या एप्रनची नाडी.

"याच्या मताला काही किंमत नाही गं," वैशाली म्हणाली.

तेव्हापासून आम्ही गल्लीतल्या काळ्याला विचारायला लागलो. काळ्या भटका, पण जिभेचा पक्का. आवडलं नाही तर नुसतं हुंगून तोंड फिरवणार. तुटकी बिस्किटं रोज त्यालाच जायची.

*

बातमी दिंडोरीला पोहोचली. तिथे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, भाऊसाहेब. द्राक्षबाग त्यांची. कौतुकाने दहा किलो बेदाणे घेऊन दारात हजर!

"वहिनी, हे घाला बिस्किटात. एक नंबर माल हाय."

"भाऊसाहेब, कुत्र्यांना द्राक्षं, बेदाणे चालत नाहीत. किडनीला त्रास होतो."

"परदेशी लोकांना चालतंय, आन कुत्र्याला चालत नाय? लय शेफारलेत तुमचे कुत्रे!" आणि बेदाणे उचलून, चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. आवाज अगदी बारीक.

"वहिनी, आमचा टायगर बागेत राखणीला असतो. खाली पडलेली द्राक्षं खातो कधीमधी. तुम्ही बोलले तशी झोप नाय मला. त्याला हलवला तिथनं."

"बरं केलंत. कुठे ठेवला?"

"कांद्याच्या चाळीत."

मी सांगितलं, कांदासुद्धा नको.

"मग नाशिक जिल्ह्यात कुत्र्यानं राहायचं तरी कुठं, वहिनी?"

*

कॉलेज रोडला एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. एक गृहस्थ आले, नीट इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. बशीतलं एक बिस्कीट खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरं चघळत म्हणाले, "नाचणी छान लागतेय. मीठ जरा कमी आहे. शुगरवाल्यांना चालेल का?"

वैशाली माझ्याकडे बघतेय, मी वैशालीकडे. तेवढ्यात ते दोन पाकिटं घेऊन गेलेसुद्धा!

तासाभराने परत आले. आम्ही दोघी टेबलाखाली जागा शोधतोय.

"अहो, हे कुत्र्याचं आहे म्हणून सांगायचं नाही का?"

"काका, पाकिटावर एवढा मोठा कुत्र्याचा फोटो आहे ना!"

"मला वाटलं, तो तुमचा लाडका असेल!"

पाकिटं मात्र त्यांनी परत दिली नाहीत.

*

श्रावणात एका बाईंचा फोन. "ताई, आमचा शेरू सोमवारी आमच्याबरोबर उपवास करतो. नाचणी चालत नाही हो त्याला."

मी रात्रभर विचार केला नाही; सकाळीच राजगिरा आणि रताळ्याची बिस्किटं करून पाठवली. त्या बाईंच्या शेजारणींनी आपल्या कुत्र्यांसाठीही मागवली. सासूबाईंनीसुद्धा पहिल्यांदाच डब्यात डोकावून बघितलं.

पंधरा दिवसांनी त्याच बाई पुन्हा फोनवर.

"ताई, थोडी जास्तच पाठवा. शेरू आता रोज उपवास धरतो!"

*

आणि मग चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. सासूबाईंनी सहा दिवस एकवेळ जेवून घट सांभाळला होता. पहाटेपासून ओट्यावर वांगी भाजली, कांद्याची पात चिरली, भरीत-रोडग्यांचा वास घरभर. माझे ट्रे आणि डबे मी आदल्या दिवशीच खोक्यात भरून दाराशी ठेवले होते.

आमच्याकडची रीत अशी, की देवाला नैवेद्य दाखवला की पहिलं पान खंडोबाच्या कुत्र्याचं. त्याने तोंड लावल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. कांदा होता म्हणून वैशालीने ब्रूनोला आत कोंडलेलं. राहिला काळ्या. दरवर्षी तोच जेवायचा.

सासूबाईंनी अंगणात पान मांडलं. काळ्या आला. पान हुंगलं. आणि तोंड फिरवून माझ्यासमोर येऊन बसला, शेपटी हलवत!

सासूबाईंनी हाका मारल्या, चुचकारलं, हात जोडले. काळ्या ढिम्म. अर्धा तास गेला. सकाळीच आलेले भाऊसाहेब उपाशीपोटी खांबाला टेकले. पाच महिने मीच त्याला बिघडवला होता, आणि त्यापायी देवाचं पान तसंच पडलं होतं.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या सरळ दाराशी गेल्या, खोकं उघडलं, एक बिस्कीट काढलं. पानातलं भरीत चमच्याने पूर्ण बाजूला केलं, रोडगा कुस्करला, त्यावर बिस्कीट चुरलं आणि पान पुढे सरकवलं.

काळ्याने पान चाटूनपुसून साफ केलं.

"येळकोट येळकोट जय मल्हार!" भाऊसाहेबांचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला असेल.

सगळे जेवायला बसले. मी खोकं उचलायला वाकले, तर पाठीमागून सासूबाई कडाडल्या, "ते डबे जागेवर ठेव आधी! आणि पुढच्या वर्षी त्याचं भरीत वेगळं काढायचं, बिनकांद्याचं. जगाला शिकवता, आणि घरात विसरता?"