उंदरांची पंगत आणि कानफाटी

आणि वर मलाच म्हणतो, "औषध चांगलंच होतं रे, हरणंच अधाशी निघाली!" अरे दुमिंग, हरणाला कोणी सांगितलं होतं का, हे जेवण उंदरांचं आहे म्हणून? पानावर वाढलेलं दिसलं, त्याने खाल्लं. तू सोडलं असतंस?

दुमिंग माझा थोरला भाऊ. बोरिवलीला पूर्वेकडे, जंगल संपतं तिथे आमची भातशेती. हे इथे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मेसमध्ये सांगितलं की सगळे खिदळतात. "मुंबईत हरणं? सिनेमातली काय?" यांची मुंबई म्हणजे समुद्र आणि टॅक्सी. म्हणून हे लिहायला घेतलं. चौथीनंतर मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. कोणाला जायचं असेल तर रस्ताही सांगतो.

मी निघालो वहिनीच्या निरोपावरून. गावचा एक जण इकडे कामाला आला, त्याच्याकडे तिने सांगून धाडलं, "तुझ्या भावाने उंदरांना जेवण घातलं आणि हरणं मेली. आगेऱ्याला ये आणि त्याला आवर." आगेरा म्हणजे आमचा नव्या भाताचा सण. पहिली कणसं चर्चमध्ये न्यायची, फादरने आशीर्वाद दिला की मगच नवा तांदूळ चुलीवर. साहेबाने आठवड्याची रजा दिली. तसाही भट्टीपुढे उभं राहून माझं डोकं तापलेलंच असतं, पाय तर कधीच एका जागी राहत नाहीत.

दुर्गहून मेल पकडा. खायला घरून न्या, गाडीतली डाळ म्हणजे पिवळं पाणी. मुंबईत लोकल धरून बोरिवलीला उतरा, पूर्वेला टांगे उभे असतात. टांगेवाला बारा आणे सांगेल, आठ द्या. कान्हेरीची लेणी बघायला चला म्हणून मागे लागेल. लेणी झकास आहेत, बघा. पण हरणं बघायची तर पहाटे आमच्या बांधावर या.

घरी पोचलो तर दुमिंग अंगणात केळीची पानं कापत बसलेला.

"काय रे, लग्न कोणाचं?"

"उंदरांचं," वहिनी आतून म्हणाली.

झालं होतं असं. भात पिकत आलं की उंदीर कणसं तोडून बिळात नेतात. दुमिंगने काळ्या पुडीचं औषध आणलं. दुकानदाराने बजावलं होतं, बिळात घाल. पण दुमिंगला वाकलं की कंबर धरते. म्हणून त्याने तांदूळ, गूळ, खोबरं आणि औषध कालवलं आणि बांधावर पानं मांडून पंगत वाढली. "उंदीर जेवायला बाहेरच येतो ना? मग बाहेर वाढलं तर बिघडलं काय?"

उंदीर पक्का संशयी. नवीन पदार्थ दिसला की दोन-तीन दिवस नुसता हुंगून जातो. हरणाला मात्र गूळ-खोबरं म्हणजे सणच. पहाटे कळप उतरला आणि पानं चाटून गेला. दोन हरणी ओहोळावर पाणी पिता पिता तिथेच पडल्या. शेजारी मटणाचा वाटा मागायला आला. विषाने मेलीत म्हटलं तर म्हणतो, "धुऊन घेतलं तर?" दुमिंगनेच खड्डा खणला, तेव्हा कंबर आठवली नाही. त्या दिवशी तो जेवला नाही, हे वहिनीने मला हळूच सांगितलं.

पण उरलेलं औषध टाकायलाही तयार नाही. "उंदरांना सोडू? फादरपुढे काय ठेवू, पेंढा?"

"कानफाटी मेली ना," वहिनी म्हणाली, "तर मी एक कणीस उचलणार नाही. जा आगेऱ्याला एकटा!"

कानफाटी म्हणजे एक कान फाटलेली हरणी. पाडसाला घेऊन येते, वहिनी तिला भोपळ्याची सालं टाकते. बायको रुसून घरी आणि नवरा एकटा कणसं घेऊन चर्चमध्ये, म्हणजे गावात पुढच्या आगेऱ्यापर्यंत पुरेल एवढा विषय. दुमिंगचा चेहरा पडला.

मग त्याने तोडगा काढला: विषाला राखण. पानं मांडायची, आणि पहाटे मी डबा घेऊन बांधावर. हरणं आली, मी डबा बडवला, हरणं पळाली. पानाशी आलेले उंदीरही पळाले आणि पलीकडच्या खाचरात जाऊन निवांत भात खात बसले. सकाळी पानं जशीच्या तशी. पहिल्यांदाच कोणीतरी उंदरांचा विषापासून बचाव केला असेल.

"तुझा डबाच वाईट वाजतो," दुमिंग म्हणाला.

पानं उचलून पुरली आणि मी चिडून निघालो भटकायला, मनोरीला. मालाडहून मार्व्याची बस, तिथून खाडी ओलांडायला होडी. पैसे सुट्टे ठेवा, होडीवाला मोड देत नाही. मनोरीत सुक्या मासळीच्या राशी. एक कोळीण जवळा विकत होती, ती किड्याएवढी बारीक कोळंबी असते ना, सुकवलेली, ती. तिची शेळी बाजूला टोपली चावत होती.

"मावशी, शेळी माल खाऊन टाकेल ना?"

"ती? माजा पदर खाल्ला, टोपली खाते, पन जवल्याला नाक लावलं की शिंकते बग."

"आणि उंदीर?"

"मेले तेच खातात! त्यांचं उरलं तर मी इकते."

मी होडीत बसलो तो पिशवीभर जवळा घेऊनच. शेजारची माणसं सरकून बसली, ऐसपैस जागा मिळाली.

"जवळा उंदरांना?" दुमिंग ओरडला. "इथे माणसांना मिळत नाही!" आणि मूठभर तव्यावर टाकलासुद्धा.

बाकीचा औषधात कालवला. तोवर दाराशी गावची मांजरं जमलेली. म्हणजे उघड्यावर पंगत बंदच. शेवटी दुकानदार सांगत होता तेच केलं: बांबूच्या नळीने औषध बिळात खोल सारायचं, तोंड चिखलाने लिंपायचं. वाकलो मी. नळी भरून देणं दुमिंगकडे, आणि वहिनी काठीने मांजरं हाकतेय.

पहाटे तिघं बांधाआड बसलो. कानफाटी आली, मागे पाडस. सालांकडे जाता जाता थांबली आणि तिने मान खाली घातली. तिथे दुमिंगच्या हातून सांडलेलं मूठभर औषध पडलेलं, आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. वहिनीने माझा दंड असा धरला की वळ उठला. दुमिंग हाकलायला उठू लागला.

कानफाटीने हुंगलं. आणि शिंकली. अशी शिंकली की पाडस हातभर उडालं. मग नाक मुरडून ती सालांकडे गेली. दुमिंग धावला, ते सांडलेलं मातीसकट उचललं, आणि वाकलेला सरळ होईना. दोघांनी धरून घरी आणला.

रविवारी आगेऱ्याला कणसं वहिनीने नेली. दुमिंग मागून, कंबर धरून.

परत भिलाईला आलो. माझ्या बॅगेला अजून जवळ्याचा वास आहे. मेसवाले माझ्या खाटेजवळ येत नाहीत, पण मुंबईत हरणं नाहीत असंही आता कोणी म्हणत नाही. एवढा वास खोट्याला येत नाही. डोळे मिटले की ती शिंक ऐकू येते आणि मी भट्टीपुढे एकटाच हसतो.

आता दुमिंगचा निरोप आलाय. जवळ्याची अक्कल त्याचीच, असं गावभर सांगून झालं. भात कापलं, वालाच्या शेंगांवर उंदीर आलेत, आणि जवळा संपला. कसा संपला ते मला माहीत आहे रे. तव्याचा वास इथवर येतोय. दोन वेगळे डबे कर, औषधाच्या डब्याला हात वहिनीचाच लागू दे. पंधरा रुपये पाठवतोय: दहाचा जवळा उंदरांना, पाचाचा तुला.